पाहुणी भाषा आणि पाण्याची पाळी



आजचा विषय संगणकाचा असला, तरी आरंभ आम्ही आपल्या भंडारा जिल्ह्यातील मामा तलावांपासून, म्हणजे माजी मालगुजारी तलावांपासून करणार आहोत. तलावाखालच्या बांध्यांना पाणी देण्याच्या दोन रीती संभवतात. एक अशी की, आपली बांधी भरली म्हणजे ज्याने त्याने स्वतः तोंड बांधावे आणि शेजाऱ्याला हाक मारावी. दुसरी अशी की, पाटकऱ्याने वेळ पाहून, बांधी भरलेली असो वा नसो, पाणी पुढे वळवावे. पहिलीचा आधार सौजन्य, दुसरीचा शिस्त. संगणकातही याच दोन रीती आहेत. पहिलीला कोरूटीन म्हणतात. दुसरीला थ्रेड, म्हणजे धागा.

कोरूटीन हा शब्द मेल्विन कॉन्वे यांनी १९५८ साली योजला. त्यांचा निबंध १९६३ साली छापून आला. कोरूटीन आपले काम मध्येच थांबवते, कोठे थांबलो ते ध्यानात ठेवते, पाळी दुसऱ्याला देते आणि बोलावणे आले की तेथूनच पुढे चालू लागते. पाळी केव्हा सोडायची, हे तिचे तीच ठरवते. धाग्याला ही मुभा नाही. त्याची पाळी वरची व्यवस्था वाटेल त्या क्षणी काढून घेते. शिवाय आजच्या यंत्रांवर अनेक धागे खरोखरच एकाच वेळी चालतात.

आता पाहुणी भाषा म्हणजे काय? एखादा मोठा प्रोग्रॅम आपल्या पोटात एक लहान भाषा बाळगतो. हेतू हा की, सारे यंत्र न उसवता वापरणाऱ्यालाही त्याला सूचना देता याव्यात. लुआ ही अशीच एक भाषा. १९९३ साली ब्राझीलमधील रिओच्या कॅथलिक विद्यापीठात ती जन्मली. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. २००३ च्या पाचव्या आवृत्तीत तिला कोरूटीन मिळाले.

हा चंद्र आपल्या घरातही उगवतो, बरे का! २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया आपण वाचतो. २०१३ पासून विकिपीडियाच्या पानांमागे लुआ काम करते. कडेच्या माहितीचौकटी, तारखांची मांडणी अशी कामे तिच्याकडून करून घेता येतात. आणि ही लुआ लिहितो कोण? आपल्यातलाच कोणीही! म्हणजे परक्याने लिहिलेली सूचना यजमानाच्या यंत्रावर चालते. येथेच प्रश्न उभा राहतो.

धोके दोन आहेत. पहिला, एकाच वहीत दोन हातांनी लिहिण्याचा. लुआची एक वही दोन धाग्यांनी एकाच वेळी हाताळली, तर हिशेब बिघडतो. लुआ स्वतःहून वहीला कुलूप लावत नाही. म्हणून यजमानाने एक तर प्रत्येक धाग्याला स्वतंत्र वही द्यावी, नाही तर कुलपाची तजवीज स्वतः करावी. कोरूटीन मात्र एकाच वहीत सुखाने नांदतात, कारण त्यांतले एका वेळी एकच लिहीत असते.

दुसरा धोका, पाळी न सोडणाऱ्याचा. चुकीने असो वा खोडसाळपणाने, कोणी न संपणारे आवर्तन लिहिले तर? तेथे सौजन्य निरुपयोगी, पाटकरीच हवा. विकिपीडियावर एका पानाच्या साऱ्या लुआ-कामाला मिळून १० सेकंदांची मर्यादा आहे. वेळ भरली की एक वेगळा धागा जागा होतो. तो वहीत ढवळाढवळ करीत नाही. नुसता अडसर लावतो. लुआ पुढच्या पावलाला त्या अडसरावर अडते आणि काम थांबते.

पण यात एक खोच आहे. लुआमध्ये हा अडसर प्रत्येक कोरूटीनला निराळा असतो. कोरूटीन धावत असताना अडसर मूळ प्रवाहावर लावला, तर धावणारे कोरूटीन अडत नाही. पाटकरी मोठ्या पाटावर उभा, आणि पाणी चारीने वाहतेच आहे! तेव्हा यजमानाने चारी मोजूनच पाटकरी नेमला पाहिजे. विकिपीडियाने तर लुआतील कोरूटीनची सोयच काढून ठेवली आहे. तिचा उपयोग दिसला नाही, म्हणून सुरक्षेच्या दृष्टीने ती तपासलेली नाही, एवढेच साधे कारण त्यांनी दिले आहे. जे तपासले नाही ते परक्याच्या हाती देऊ नये, हा धडा आम्हांस मोलाचा वाटतो.

कोणी म्हणेल, एवढी भीती असेल तर परक्याला लिहूच का द्यावे? आमचे उत्तर उलट आहे. मर्यादा आहे म्हणूनच दार उघडे ठेवता येते. १० सेकंदांचा पाटकरी नसता, तर लिहिण्याचा अधिकार मूठभर विश्वासू माणसांपुरता उरला असता आणि गावोगावच्या मराठी माणसाला त्या वहीस हात लावता आला नसता. आपल्या माणसांत कोरूटीनचे सौजन्य जरूर असावे. त्याने काम हलके आणि सुरेख होते. पण दार सर्वांना उघडायचे असेल, तर पाणी वळवण्याचा शेवटचा अधिकार यजमानाने आपल्याच हाती ठेवला पाहिजे.