साथ आणि स्वमग्न मूल

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



करोनाची साथ आपण सर्वांनी पाहिली. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. शाळा, अंगणवाडी, बाजार, एस. टी. सारे बंद. कित्येक माणसे दगावली. ते दुःख सर्वांना दिसले. पण काही घरांत आणखी एक दुःख होते. ते फारसे कोणी पाहिले नाही. त्याविषयी आम्ही आज चार शब्द सांगणार आहोत.

काही मुले हाक मारली तरी वळून पाहत नाहीत. नजरेला नजर देत नाहीत. कोणी उशिरा बोलते. कोणी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणते. याला स्वमग्नता म्हणतात. इंग्रजी नाव ऑटिझम. हे वेड नव्हे. भूतबाधा नव्हे. आईबापांच्या पापाचे फळ तर नव्हेच. लस टोचल्यानेही ही होत नाही. मेंदूची घडण मुळातच निराळी असते. मूल मोठे झाले तरी ती तशीच राहते.

अशा पुष्कळ मुलांना रोजचा नेम फार लागतो. नेम मोडला तर आपल्याला चुकल्यासारखे वाटते. त्यांचा तर आधारच जातो.

आमच्या पाहण्यातला एक मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. रोज सकाळी तो आजोबांबरोबर फाट्यावर जाई. नऊची एस. टी. पाही, मगच घरी येऊन न्याहारी करी. टाळेबंदीत गाडी बंद झाली. साथ म्हणजे काय, हे त्याला कसे कळावे? साथ डोळ्यांना दिसत नाही. गाडी आली नाही, एवढे मात्र दिसते. नऊ वाजले की तो दाराशी जाऊन ओरडे, स्वतःचा हात चावे. रात्री झोप नाही. बोलायला शिकलेले चार शब्दही गेले. मास्क बांधला की ओरबाडून काढी, कारण कापडाचा स्पर्श त्याला सोसत नसे.

बाप मजुरीवाचून घरी बसलेला. आई रात्रंदिवस पोरामागे. शेजारी म्हणत, "पोराला वळण कसलं ते नाही!" ती माउली आम्हांला म्हणाली, "गुरुजी, साथीचं भ्या नव्हतं तेवढं नऊ वाजायचं भ्या वाटायचं."

मग आजोबांनी एक युक्ती केली. पाटीवर चित्रे काढली. आधी तोंड धुणे, मग म्हशीला वैरण, मग मळ्यापर्यंत फेरी, मग न्याहारी. एस. टी. चे चित्र काढून त्यावर फुली मारली. रोज त्याच वेळी पाटी दाखवायची आणि तसेच करायचे. पहिले तीन आठवडे काही फरक पडला नाही. पुढे ओरडणे कमी होत गेले. गेलेल्या शब्दांपैकी दोन परत आले.

सर्वांचे असेच झाले असे नाही. काही स्वमग्न मुलांना टाळेबंदीत बरे वाटले. गर्दी नाही, गोंगाट नाही, कोणी चिडवत नाही. त्यांना त्रास झाला तो शाळा उघडल्यावर.

फ्रान्स आणि इंग्लंड या देशांनी एप्रिल २०२० मध्येच स्वमग्न माणसांना बाहेर फिरण्याच्या नियमात सवलत दिली. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी होऊन दिव्यांग प्रमाणपत्र मिळते. आता तुम्हांला वाचता येते. तो अर्ज स्वतः वाचा. शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

उद्या पुन्हा साथ आली किंवा पूर आला, तर गावाने काय करावे?

एक, अशी घरे कोणती हे आशाताई आणि ग्रामपंचायतीला आधीच ठाऊक असावे.

दोन, मूल ओरडले म्हणून त्याला मारू नये, कोंडू नये, बांधू नये. गर्दी नसेल त्या वेळी त्याला फिरू द्यावे.

तीन, आईला रोज तासभर तरी विसावा मिळावा. घरातल्या दुसऱ्या माणसाने तेवढा वेळ मूल सांभाळावे.

चार, त्या मुलाच्या भावंडांचीही विचारपूस करावी. त्यांचे मन कोणी पाहत नाही.

आपल्या आळीत असे घर असेल तर आज घरी जाताना तिथे डोकावून जा. सल्ला देऊ नका. काय हवे-नको, तेवढे विचारा. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.