उद्याचे चित्र आणि आजचे ताट

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



भोजनापूर्वी डॉक्टरला बोलावयास उभे करणे हा संयोजकांचा आपणांवर अन्यायच आहे; परंतु आमचा विषयही ताटाचाच आहे.

सन २०१६ मध्ये सिंगापूर शासनाने मधुमेहाविरुद्ध युद्ध पुकारले. त्यास कारण होते. २०१० च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत येथील प्रौढ चिनी वंशीयांत मधुमेहाचे प्रमाण ९.७ टक्के होते, तर भारतीय वंशीयांत ते १७.२ टक्के आढळले. ३० डिसेंबर २०२२ पासून साखरेच्या प्रमाणानुसार पेयांना ए ते डी अशा श्रेणी देण्यात येऊ लागल्या. म्हणजे माहितीची वाण नाही. मग हात का थांबत नाही?

आम्ही आमचेच उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या रक्तातील साखर सीमारेषेवर पोहोचली. तरीही दिवसभर रुग्णांना पथ्य सांगावे आणि सायंकाळी कॉफी-शॉपमध्ये तेह तारिक व प्राटा पुढ्यात ओढावा, हा आमचा क्रम सुटला नाही. ज्ञान होते, भीतीही होती. परंतु उद्याचा दिवस डोळ्यांपुढे नव्हता.

दूरचा लाभ मनाला लहान दिसतो आणि समोरचा घास मोठा, हा मानवी मनाचा स्वभावच आहे. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये या संदर्भात एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादा वजनाच्या काही स्त्रियांना त्यांच्या स्वतःच्या भावी आयुष्यातील सुखद प्रसंग बारकाव्यांनिशी डोळ्यांपुढे आणावयास सांगितले. त्याच वेळी मन मानेल तेवढे खाण्याची त्यांना मुभा होती. इतर विषयांची चित्रे मनात आणणाऱ्या स्त्रियांपेक्षा त्यांनी कमी खाल्ले. प्रयोग लहान होता. त्यावरून औषध सोडावे असा अर्थ कोणी काढू नये. परंतु त्यातील मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे.

मात्र खाण्याच्या घाईला आपण केवळ दुबळेपणा म्हणू नये. येसकरपाळीच्या शिळ्या भाकरीवर आपल्या आजोबा-पणजोबांनी दिवस काढले. १९७२ च्या दुष्काळात कामावरच्या सुकडीवर अनेकांची लेकरे जगली. ज्याला उद्याच्या अन्नाचा भरवसा नाही, त्याने आज मिळेल ते पोटभर खाणे हे शहाणपणच होते. ‘आणखी एक पोळी घे’ या आईच्या आग्रहात ती जुनी भूक बोलते. परंतु त्याच माणसांनी पोटाला चिमटा घेऊन आमची फी भरली. कारण शिकून मोठा झालेला मुलगा त्यांना आधीच दिसत होता. न आलेला दिवस पाहण्याची ही शक्ती आपला वारसा आहे. ती आपण मुलांच्या शिक्षणासाठी वापरतो, घरासाठी वापरतो. स्वतःच्या शरीरासाठी मात्र वापरीत नाही.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. भरपेट जेवून धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला एक गाथा सांगितली. मात्रा ओळखून खाणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि त्याला वार्धक्य सावकाश येते, असा तिचा आशय होता. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली आणि रोज जेवताना म्हणण्यासाठी त्याला शंभर कहापण ठरवून दिले. हळूहळू राजाचा आहार आटोक्यात आला व शरीर हलके झाले. उपदेश नेमका घास उचलण्याच्या वेळी आठवला पाहिजे, हे त्या राजाने ओळखले होते.

आपणांस सुदस्सन ठेवण्याचे कारण नाही. भविष्यातील एक प्रसंग निवडावा. तो आपला स्वतःचा, आनंदाचा आणि स्पष्ट असावा. कोणते ठिकाण, बरोबर कोण, कोणते आवाज, हे सारे कागदावर लिहावे व जेवणापूर्वी वाचावे. आमचा प्रसंग सांगतो : नातवंडाचा हात धरून आम्ही नागपूरच्या दीक्षाभूमीवर चालत आहोत, पाय शाबूत आहेत, डोळ्यांना स्तूप स्वच्छ दिसतो आहे. मधुमेह प्रथम ज्यांवर घाला घालतो, त्यांत पाय आणि डोळे येतात, हे आपण जाणताच. हे चित्र समोर आले की आम्ही ‘कोपी-ओ कोसोंग’ मागवितो. रोज साधते असे नाही, पुष्कळदा साधते.

पूज्य बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते. वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी रात्रंदिवस जागून आपल्यासाठी उद्याचा दिवस पाहिला. तो दिवस आज आपल्या वाट्याला आला आहे. तो धडधाकट शरीराने जगणे, ही त्यांच्या ऋणाची अल्पशी फेड होय.

आता भोजन तयार आहे. सावकाश जेवावे, ही विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!