मोटारीची बॅटरी : सोडण्याचा क्रम आणि जोडण्याचा क्रम

वैशाखांत दुपारच्या वेळीं पाचोऱ्याचे रस्ते ओस पडतात. खानदेशचें ऊन चाळीस अंशांच्या पुढें जातें, आणि ज्यांना शक्य असेल तीं कुटुंबें मुलांच्या सुटीसाठीं पुण्या-मुंबईची गाडी गांठतात. दारची मोटार मात्र महिनाभर पत्र्याच्या छपराखालीं उभी राहते. परत आल्यावर किल्ली फिरवावी, तों एंजिन मुकें! यासाठीं पुष्कळ गृहस्थ निघतांना बॅटरीची तार सोडून ठेवतात. विचार योग्य आहे. परंतु हें दोन मिनिटांचें काम उलट्या क्रमानें झालें तर हात भाजतो, क्वचित् बॅटरी फुटते, आणि हल्लींच्या गाडींतील किंमती यंत्रणाही बिघडते.

१८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिसें व गंधकाम्ल यांच्या साहाय्यानें विजेचा सांठा करणारा घट सिद्ध केला. पहिल्या मोटारी हँडल मारून चालू कराव्या लागत, आणि तें हँडल कधीं उलटा झटका देऊन मनगट मोडी. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग याचा विजेचा स्टार्टर बसला, आणि हँडल हळूहळू मागें पडलें. अशा रीतीनें बॅटरीनें माणसाचा हात वाचविला. आज कुलपें, घड्याळ आणि गाडींतील छोटे संगणक तिच्याच जिवावर जागे असतात. गाडी उभी असली तरी हा पहारा थोडथोडी वीज खात राहतो, आणि उन्हाळ्यांत बॅटरी आपोआपही लौकर उतरते.

बॅटरींत सहा घट असून प्रत्येकाचा दाब सुमारें दोन व्होल्ट, म्हणजे एकूण बारा. एवढ्या दाबाचा धक्का कोरड्या हाताला जाणवतही नाहीं, आणि तेथेंच माणूस फसतो. भय दाबाचें नाहीं, प्रवाहाचें आहे. स्टार्टर फिरवितांना हीच बॅटरी शेंकडों अँपिअर देते. मोटारीचा लोखंडी सांगाडा ऋण अग्राशीं जोडलेला असतो. धन अग्राची तार आधीं सोडूं लागल्यास, पाना चुकून सांगाड्याला टेकतांच मंडल पुरें होतें आणि पाना क्षणांत तापून लाल होतो. हातांतील अंगठी किंवा बांगडी मध्यें सांपडली तर तिचीही तीच गत. उलट, ऋण तार प्रथम सोडली कीं प्रवाहाची परतीची वाटच बंद होते. क्रमाचें सारें मर्म एवढेंच आहे.

तेव्हां प्रथम दागिने उतरावे. गाडी सपाट जागीं उभी करून चाकांना विटा लावाव्या, कांचा पूर्ण वर घ्याव्या, एंजिन व दिवे बंद करावे. विजेचीं कुलपें पुढें उघडणार नाहींत, म्हणून दाराची साधी किल्ली खिशांत असावी. बॅटरी डिकींत असेल तर डिकी लावून घेऊं नये. नंतर थोडें थांबावें. संगणक झोपी जाण्यास कांहीं मिनिटें, एखाद्या गाडींत अर्धा तासही लागतो. एंजिन चालू ठेवून तार काढण्याची जुनी परीक्षा आतां कटाक्षानें टाळावी; दाब एकाएकीं उसळून संगणक जळूं शकतो.

तारेचा रंग न पाहतां वजाबाकीचें चिन्ह पाहावें, आणि त्या अग्राची पकड ढिली करून तार फडक्यांत गुंडाळून दूर ठेवावी. तेथें लहानशी पेटी दिसल्यास तो मोजणीचा भाग समजावा. तिला ठोकूं किंवा ओढूं नये. सुटीसाठीं एवढें पुरे. बॅटरी उचलावयाची असेल तरच नंतर धन तार सोडावी. बॅटरींतून हायड्रोजन निघण्याचा संभव असल्यामुळें विडी-काडी जवळ नसावी. आम्ल कातडीवर उडाल्यास भरपूर पाण्यानें धुवावें. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटें पाणी घालून लगेच डॉक्टर गांठावा.

जोडतांना क्रम उलटा. दोन्ही तारा सोडल्या असतील तर आधीं धन, शेवटीं ऋण. त्या वेळीं बारीकशी ठिणगी दिसली तर घाबरूं नये. पकड मात्र हातानें हलणार नाहीं इतकी घट्ट असावी. मग घड्याळ लावावें, कांचा एकदां पूर्ण खालीं-वर कराव्या. कांहीं गाड्यांत रेडिओ आपला गुप्त अंक मागतो. आरशाप्रमाणें चकचकणारें एखादें सूचनेचें चिन्ह थोडें अंतर चालविल्यावर मावळतें. न मावळल्यास कारागीर गांठावा. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडींत नवी बॅटरी बसविल्यास ती गोष्ट बहुधा संगणकाला यंत्रानें कळवावी लागते. विजेवर किंवा दुहेरी शक्तीवर चालणाऱ्या गाडींतील नारिंगी तारांना घरच्या माणसानें हात लावूं नये.

गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक या सर्वांच्या आधीं वाचावें. कारण प्रत्येक गाडीचा स्वभाव निराळा. मध्यरात्रीं घरांतील मूल तापानें फणफणलें असतां जळगांवच्या रस्त्याला लागावयाचें असेल, तर त्या वेळीं गाडी पहिल्या फिरकीला बोलली पाहिजे. निघतांना ऋण आधीं, परततांना ऋण शेवटीं, एवढें ज्याला पाठ आहे त्याला तिच्या दाराशीं ताटकळण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं.