डॉक्टरच्या बोलण्याची परीक्षा



डॉक्टरांच्या परीक्षेबद्दल युनियनवाल्याने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण दवाखान्याच्या रांगेत आमचीच माणसे अधिक असतात.

इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली : तुझा धंदा कोणता? सूतगिरणीत कापसाच्या धुळीने छातीचा विकार जडतो. सुटीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळते, आणि सुरुवातीच्या काळात तरी पुढल्या दिवसांत हलके वाटते. 'काम काय करतोस? कोणत्या वारी जास्त होते?' हे विचारले नाही, तर विडीचा खोकला म्हणून बाटली हाती पडते. पुढे भरपाई मागावी, तर केसपेपरवर धंद्याचा उल्लेखच नाही!

मग हे विचारणे, ऐकणे मोजावे कसे? लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली एका निरोगी बाईला रोग्याचे सोंग शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसविले. स्कॉटलंडमध्ये डंडीला रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली नवी पद्धत मांडली. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो, वेळ ठरलेली असते, आणि परीक्षक छापील यादीवर खुणा करतो. आपल्याकडेही २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण अभ्यासक्रमात आले. चांगले झाले.

पण त्या यादीची मला धास्ती वाटते. नमस्कार केला, खूण. नाव विचारले, खूण. 'तुमचा त्रास मी समजू शकतो,' आणखी एक खूण. पाठ केलेली माया! (आमच्या सभांतूनही 'बंधूंनो' म्हणून सुरुवात करणारे कमी नाहीत.) विद्यार्थी शिकतो इंग्रजीत, त्याच्या पुस्तकात 'पेन'. समोरची बाई सांगते कळ येते, चमक निघते, ठणकते, ठसठसते. ही चार दुखणी आहेत. ती त्याला वेगळी ऐकू आली का, याला गुण ठेवा.

आणि घंटा झाल्यावर विद्यार्थ्याला बाहेर पाठवून त्या बाईला विचारा : तुला काय झाले आहे म्हणाला? गोळी केव्हा घ्यायची? पुन्हा केव्हा यायचे? तिला सांगता आले नाही, तर यादीवर कितीही खुणा असोत, पोराला पुन्हा परीक्षेला बसवा. त्या खुर्चीवर मात्र कॉलेजातला कारकून रोगी म्हणून बसवू नका. बाजारातली हमालीण बसवा, आणि तिला दिवसाची मजुरी द्या.