लॉक रिंगपासून चार हात लांब

गळीत हंगाम सुरू झाला की श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, कोपरगावच्या रस्त्यांवर उसाचे ट्रक, ट्रॉल्या आणि टायरगाड्यांची रांग लागते. 1950 साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्याचा हिवाळा असाच चाकांवर जातो. हंगामाच्या घाईत टायर डिस्कवर चढवण्याचं काम मात्र कसंबसं उरकलं जातं. त्यात माणसं जायबंदी होतात, जिवानिशीही जातात. म्हणून आज त्याविषयीच बोलणार आहे.

टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तारेचं कडं असतं. रबर ताणलं जातं, हे कडं ताणलं जात नाही. हवा भरली की ते डिस्कच्या काठाला घट्ट भिडतं. डनलॉप यांनी 1888 मध्ये हवेचा टायर केला, तेव्हा ही तार नव्हती. टायर कापडाने चाकाला चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर काढायचं तर सगळं उसवावं लागे. 1890 मध्ये चार्ल्स वेल्च यांनी कडेत तार घातली आणि रिम मधोमध खोल केली. टायरची एक बाजू त्या खोलीत दाबली की समोरची बाजू टॉमीने काठावरून निघते. केवढी सुंदर युक्ती! मोटारसायकलचा टायर आजही असाच चढतो.

ट्रकच्या ट्यूबवाल्या टायरची कड मात्र फार ताठ असते. म्हणून त्याच्या डिस्कचा एक काठ सुटा असतो आणि तो लॉक रिंगने अडकवतात. 100 पौंड हवा म्हणजे दर चौरस इंचाला 100 पौंडांचा रेटा. सगळा मिळून तो कित्येक टनांवर जातो. रिंग गंजलेली, वाकलेली किंवा दुसऱ्याच डिस्कची असेल, तर हवा भरतानाच ती उडते. तेव्हा बाजूला व्हायला क्षणही मिळत नाही.

म्हणून चाकाचे नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा. जोडचाकं असतील तर दोन्हींची. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, नळी लांब घ्या आणि रिंगच्या समोर कुणालाही उभं राहू देऊ नका, पोराबाळांना तर मुळीच नाही. रिंग नीट बसली नाही असं दिसलं, तर भरलेल्या टायरवर हातोडा मारू नका. हवा सोडा आणि पुन्हा बसवा. कड सरकावी म्हणून ऑइल लावतात, त्याने रबर खराब होतं. साबणाचं पाणी पुरतं. जुना टायर विकत घेताना त्यावरचा आकडा वाचा. 19 इंचाचा टायर 20 च्या डिस्कवर बसत नाही, कितीही ठोकला तरी.

आणखी एक. डिस्कला तडा गेला की टायर न उतरवताच वेल्डिंग करून घेतात. हवा सोडलेली असली तरी हे करू नका. तापलेल्या रबरातून पेटणारा वायू सुटतो, टायरच्या आत कोंडतो आणि स्फोट होतो. अशी डिस्क जोडत बसू नका, ती भंगारात द्या.