घरगुती ध्वनिमुद्रण आणि भरंवशाचा संगणक



चार वर्षांपूर्वींची गोष्ट. आषाढाचे दिवस होते. माझी आत्या मुरबाडकडच्या आपल्या गांवाहून चार दिवसांसाठीं आंबिवलीस आमच्या घरीं आली होती. वय चौऱ्याऐंशीं; दृष्टि अधू झालेली, पण कंठ शाबूत. जात्यावरच्या ओव्या तिला किती येत होत्या, तें तिचें तिलाहि सांगतां आलें नसतें. एक ओवी दुसरीला हात देऊन उठवी आणि दुसरी तिसरीला. हा ठेवा मुद्रित करून ठेवावा असें मनांत येऊन मीं पुतण्यानें अडगळींत टाकलेला संगणक झटकून टेबलावर मांडला, त्याला मायक्रोफोन जोडला, आणि आत्यानें पहिली ओवी घातली.

पंचावन्न मिनिटें सर्व सुरळीत चाललें. छप्पन्नाव्या मिनिटाला वीज गेली. त्या संगणकाची बॅटरी केव्हांच निकामी झालेली होती. वीज परत आली, पण जुनी डिस्क कांहीं परत आली नाहीं. आंतून टक् टक् असा आवाज करून ती कायमची मुकी झाली. “उद्यां पुन्हां म्हणेन, त्यांत काय?” असें आत्या म्हणाली. दुसऱ्या दिवशीं तिचा घसा बसला, तिसऱ्या दिवशीं ती गांवीं परतली, आणि पुढच्या माघांत ती गेली.

पुष्कळ दिवस मी विजेला दोष देत होतों, डिस्कला दोष देत होतों. आज मला वाटतें कीं दोष माझा होता. जें काम एकदांच होणार होतें, तें मीं ज्याचा भरंवसा नाहीं अशा यंत्राच्या स्वाधीन केलें. म्हणून संगीताचें घरीं ध्वनिमुद्रण करूं इच्छिणारानें संगणक कसा निवडावा, याविषयीं चार अनुभवाच्या गोष्टी आज आपल्यापुढें ठेवणार आहें.

प्रथम, हा विषय इतका जिव्हाळ्याचा कां, तें सांगतों. आमच्या शेजारीं कल्याणास गायन समाजातर्फे देवगंधर्व महोत्सव होत असतो. देवगंधर्व म्हणजे भास्करबुवा बखले. बालगंधर्वांचे आणि मास्तर कृष्णरावांचे हे गुरु १९२२ सालीं निवर्तले. शिष्यांच्या ध्वनिमुद्रिका आपण आजहि ऐकतों. बुवांचा स्वतःचा आवाज मात्र आपल्याला उपलब्ध नाहीं. त्यांच्या हयातींत ध्वनिमुद्रण नव्हतें असें नाहीं. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तज्ज्ञ कलकत्त्यास येऊन गोहरजानचें गाणें मुद्रित करून गेला होता. परंतु तेव्हां गवयानें कर्ण्यांत तोंड घालून गावें लागे, आणि तीन मिनिटांच्या आंत रागाचा सारा संसार आटोपावा लागे. मायक्रोफोनवरील मुद्रण आलें तें १९२५ च्या सुमारास. यंत्र कंपनीचें, निवडहि कंपनीची. आज तें यंत्र आपल्या टेबलावर येऊन बसलें आहे. कोणाचा आवाज राखावयाचा हें आपण ठरवूं शकतों. त्याबरोबर तो राखण्याची जबाबदारीहि आपलीच झाली आहे.

आतां संगणकाकडे वळूं. दुकानांत गेलें म्हणजे विक्रेता आपल्याला वेग सांगतो. परंतु ध्वनिमुद्रणाचें काम मुळांत किती आहे? मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजाचें माप यंत्र दर सेकंदाला ठराविक वेळां घेतें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या काँपॅक्ट डिस्कसाठीं हें प्रमाण ४४,१०० ठरलें होतें. घरीं ४८,००० ठेवावें. प्रत्येक माप १६ बिटांत लिहिलें तर ६५,५३६ पायऱ्या मिळतात, आणि २४ बिटांत लिहिलें तर एक कोटि सदुसष्ट लाखांवर. म्हणून २४ बिट निवडून आवाजाची पातळी बेतानें कमीच ठेवावी; गायकानें एकाएकीं तारसप्तक गांठलें तरी आवाज फाटत नाहीं. या हिशेबानें एका मायक्रोफोनचें तासाभराचें मुद्रण सुमारें बावन्न कोटि बाइट, म्हणजे अर्ध्या जीबीहून किंचित् अधिक भरतें. गळा, पेटी आणि तबल्याचीं दोन अंगें अशी चार मायक्रोफोनांची बैठक असली, तरी तासाला दोन जीबींच्या आसपास. ५१२ जीबीच्या डिस्कचा अर्धा भाग इतर कामांस गेला, तरी उरलेल्या अर्ध्यांत एका मायक्रोफोनचे चारशेंहून अधिक तास मावतील.

तात्पर्य, नुसत्या मुद्रणासाठीं अतिवेगवान् संगणक लागत नाहीं. वेग लागतो तो संगणकानेंच सतार, व्हायोलिन, ढोल असे वीस-तीस आवाज निर्माण करावे अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांना. गाणें-वाजवणें मुद्रित करून नीटनेटकें जुळवणाऱ्या घराला मध्यम प्रतीचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम पुरेशी आहे. डिस्क मात्र एसएसडी जातीची असावी. तिच्यांत फिरणारा भाग नसल्यामुळें ती आवाज करीत नाहीं आणि धक्क्यानें सहसा दगावत नाहीं.

दुसरा प्रश्न विलंबाचा. गायक कानाला हेडफोन लावून तानपुऱ्यावर गातो, आणि त्याचा स्वतःचा आवाज त्याला क्षणभर उशिरा ऐकूं येतो. हा उशीर वाढला कीं लय ढळूं लागते. याचें कारण असें कीं संगणक आवाजाचीं मापें एकेक न हाताळतां गठ्ठ्यानें हाताळतो. १२८ मापांचा गठ्ठा असेल तर सुमारें पावणेतीन मिलिसेकंद लागतात. १,०२४ चा असेल तर एकवीस. आवाज आंत जातांना एकदां आणि बाहेर येतांना पुन्हां, असा हा विलंब दुप्पट होतो, आणि वर यंत्राचा थोडा अधिक. तुलनेसाठीं सांगतों, हवेंत आवाजाला एक मीटर जाण्यास सुमारें तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे दोन मीटरांवर बसलेल्या तबलजीची थाप गवयाला सहा मिलिसेकंद उशिरानेंच ऐकूं येत असते, आणि त्यानें कोणाचीहि सम चुकत नाहीं. तेव्हां विलंब शून्य करण्याचा हव्यास धरूं नये. मुद्रणाच्या वेळीं गठ्ठा लहान ठेवावा, जुळवणीच्या वेळीं मोठा. गायकाचा आवाज संगणकांत न जातां परस्पर हेडफोनमध्यें देणारा ऑडिओ इंटरफेस घेतला, तर हा प्रश्न बहुतेक सुटतोच.

हा इंटरफेस म्हणजे मायक्रोफोन आणि संगणक यांच्यामधला दुभाषी. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठाहि तोच करतो. म्हणून खरेदीचा क्रम उलटा धरावा. आपल्याला काय मुद्रित करावयाचें तें आधीं ठरवावें, मग त्यासाठीं कोणता प्रोग्रॅम लागेल तें पाहावें, मग इंटरफेस, आणि या दोहोंना ज्याच्यावर निर्मात्याचा पाठिंबा आहे असा संगणक सर्वांत शेवटीं. विंडोजवर इंटरफेसच्या निर्मात्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे ना, हें विचारून घ्यावें. ॲपलच्या संगणकांत ती सोय मुळांतच असते.

लॅपटॉप घ्यावा कीं टेबलावरचा मोठा संगणक? माझें मत लॅपटॉपकडे झुकतें, आणि त्याचें कारण आपल्या ध्यानांत आलेंच असेल. त्याची बॅटरी हीच त्याची राखीव वीज. मोठा संगणक घ्यावयाचा तर यूपीएसचा खर्च किंमतींत धरूनच घ्यावा. लॅपटॉपचा आणखी एक गुण असा कीं मुद्रणांत कधीं कधीं जी एकसुरी घरघर येते, तिचा उगम पुष्कळदां विजेच्या जोडणींत असतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची; अर्थिंग सदोष असलें कीं तीच आवर्तनें तानपुऱ्याच्या खालीं गुणगुणूं लागतात. अशा वेळीं चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावें. घरघर थांबली तर दोष कोठें आहे तें कळलें.

पंख्याचाहि विचार करावा. वैशाखांत आमच्या आंबिवलीस दुपारीं काय उकाडा असतो, तें कसारा मार्गावरच्या प्रवाशांस सांगावयास नको. खोलींतला पंखा मुद्रणासाठीं बंद केला म्हणजे संगणकाचा पंखा जोरानें फिरूं लागतो, आणि आत्यंतिक उष्णतेंत यंत्र आपला वेग आपणच कमी करतें. २०२० नंतरच्या ॲपलच्या मॅकबुक एअरमध्यें पंखाच नाहीं, ही गोष्ट आपल्या कामास सोयीची. परंतु त्याची रॅम मागाहून वाढवितां येत नाहीं, म्हणून घेतांनाच पुरेशी घ्यावी. इतर यंत्र घेतल्यास तें मायक्रोफोनच्या पाठीमागें, हातभर दूर ठेवावें.

जुना संगणक घ्यावा काय? अवश्य घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि पुष्कळ जुनीं यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. स्वस्त म्हणून विकावयास निघालेल्या यंत्रांत हीं बरींच असतात. अशा यंत्रावर लिनक्स घालून ऑडेसिटी किंवा आर्डर यांसारखे मुक्त प्रोग्रॅम चालवितां येतात. मात्र आपला इंटरफेस तेथें चालतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. बॅटरी आणि डिस्क या दोन वस्तु बदलण्याचा खर्च किंमतींत मिळवावा, म्हणजे स्वस्ताई किती खरी आहे तें दिसेल.

यंत्र घरीं आलें कीं, तें परत करण्याची मुदत आहे तोंच, एक परीक्षा घ्यावी. वायफाय बंद करावें, आपोआप होणाऱ्या सुधारणा थांबवाव्या, आणि जितके मायक्रोफोन वापरावयाचे तितक्या मार्गांवर सलग दोन तास मुद्रण चालूं ठेवावें. तासाभरानंतर विजेची पिन मुद्दाम ओढून काढावी. मग तें मुद्रण ऐकावें. कोठें टक् असा आवाज येतो काय, कोठें क्षणभर खंड पडतो काय, पिन काढली त्या जागीं कांहीं बिघडलें काय? या परीक्षेंत उतरणारा साधा संगणक, न उतरणाऱ्या महागड्या संगणकाहून श्रेष्ठ समजावा. माझ्या जुन्या यंत्राची ही परीक्षा मीं घेतली असती, तर आजचें हें भाषण वेगळ्या तऱ्हेनें सुरू झालें असतें.

मुद्रण झालें म्हणजे काम संपलें असें मात्र समजूं नये. एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखेंच. तीन प्रती असाव्या. त्यांतल्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेर कां, तें ज्यांनीं २६ जुलै २००५ चा महापूर कल्याणच्या परिसरांत पाहिला त्यांना समजावून सांगण्याची गरज नाहीं. पाणी घरांत शिरलें कीं कपाटांतल्या तिन्ही प्रती एकदमच भिजतात.

आतां, आमच्यासारख्यांच्या घरांत मुद्रित करण्याजोगें असें काय आहे, असें कोणी म्हणेल. त्यांना मी पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोआतवां यांची आठवण देईन. या दोघांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढें १९९० नंतरच्या दशकांत बर्नार्ड बेल हे संगीताचे आणि संगणकाचेहि अभ्यासक त्यांना मिळाले, आणि त्या ओव्यांची संगणकावर नोंद होऊन शंभराहून अधिक तासांचें ध्वनिमुद्रण सिद्ध झालें. २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेच्या द्वारें त्या जगभर ऐकतां येऊं लागल्या. गाणाऱ्या बाया कोणी नामांकित गायिका नव्हत्या. आपल्या आत्या, मावश्या, आज्याच होत्या.

माझ्या आत्याच्या आवाजाचें म्हणाल, तर त्या दिवशीं पुतण्यानें सहज म्हणून आपल्या फोनवर घेतलेलें वीस-बावीस सेकंदांचें मुद्रण तेवढें शिल्लक आहे. त्यांत एक ओवी पुरी आहे, दुसरी अर्धी. आणि अर्धीवर कसाऱ्याकडे जाणारी गाडी धडधडत निघून जाते. गेल्या दिवाळींत मी नवा संगणक घेऊन तिच्या गांवीं गेलों. तिच्या सुनेला, माझ्या वहिनीला, त्यांतल्या चाळीसेक ओव्या येतात. शब्द आत्याचे आहेत. चाल मात्र वहिनीची स्वतःची. दुपारच्या निवांत वेळीं, दारांना गोधड्या लावून, आम्हीं त्या साऱ्या मुद्रित केल्या. मध्यें एकदां वीज गेली. वहिनी थांबली, माझ्याकडे पाहूं लागली. मीं हातानेंच “चालूं द्या” अशी खूण केली, आणि तिनें पुढली ओवी घातली.