शेतकऱ्याचा शहरातील वाटा : दि. बा. पाटील यांची कारकीर्द

(नवी मुंबईतील कार्यकर्ता अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्याला ज्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २०२२ मध्ये केला, ते दि. बा. पाटील आपल्या विचारांचे नव्हते. शेतकरी कामगार पक्षाची वैचारिक बैठक मार्क्सवादी. ते अंतर झाकण्याचे कारण नाही. तरीही आमदाराने आपल्या माणसांसाठी नेमके काय मिळवायचे असते, हे समजून घ्यायचे तर त्यांची कारकीर्द अभ्यासावी लागते.

उरण तालुक्यातील जासई हे त्यांचे गाव, जन्म १९२६ चा, व्यवसाय वकिलीचा. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली पनवेलमधून ते विधानसभेत गेले. १९६२, १९६७, १९७२ आणि १९८० मध्येही तेथूनच निवडून आले. विधानसभेत विरोधी पक्षनेते, १९७७ व १९८४ मध्ये कुलाब्याचे खासदार, उत्तरायुष्यात शिवसेनेत. पदांची यादी एवढी पुरे.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. यात भातखाचरे होती, मिठागरे होती. भूसंपादन १८९४ च्या, म्हणजे इंग्रजांच्या कायद्याने. त्या कायद्यात किंमत धरली जाई ती अधिसूचनेच्या तारखेची. पुढे तिथे रस्ते आले, वसाहती आल्या, भाव कितीही चढला, तरी मूळ मालकाचा त्याच्याशी संबंध उरत नसे. पाटील यांनी बोट ठेवले ते इथे. वाढीव मोबदल्याची मागणी तर होतीच. पण शेतकऱ्याला विकसित शहरातच वाटा हवा, हा आग्रह त्याहून मोलाचा होता.

जानेवारी १९८४ मध्ये जासई व नवघर परिसरात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. पाटील तेव्हा आमदार होते आणि आंदोलनाच्या अग्रभागी होते. सभागृहात प्रश्न मांडून घरी जाणारा लोकप्रतिनिधी हा प्रश्न तडीस नेऊ शकला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तिचा शासननिर्णय १९९० चा. हिशेब सोपा आहे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे; त्यातले पाच गुंठे परत. त्यातूनही सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापले जात, म्हणजे हाती साडेतीन गुंठेच. पण ते शहरातले, बांधकामाच्या हक्काचे! विमानतळाच्या वेळी हेच सूत्र साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. २४ जून २०१३ रोजी पाटील यांचे निधन झाले.

या यशाला काळी बाजूही आहे. वाटपाला वर्षे लागली. गरजवंतांनी भूखंड हाती येण्यापूर्वीच हक्क दलालांना विकून टाकले. शेताचा पैसा लग्नात आणि गाडीत गेला, अशी उदाहरणे गावोगावी ऐकू येतात. त्याचा दोष योजनेच्या कल्पनेला देता येणार नाही. वाटप रेंगाळवणाऱ्या व्यवस्थेला मात्र द्यावाच लागेल.

आणि गावठाणांचे काय? कुटुंबे वाढली, तशी मूळ हद्दीबाहेर, संपादित जमिनीवर घरे उभी राहिली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग सरकारी कागदांतही रूढ झाला. ती नियमित करण्याची आश्वासने वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी दिली; त्यांत आपल्या विचारांचीही सरकारे होती. वाशी-नेरुळच्या सोसायट्यांत राहणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी शेजारच्या गावठाणात एकदा जावे आणि कोणत्या घराचा कागद कुठे अडला आहे, हे तिथल्याच लोकांकडून ऐकावे.